सिलोम रस्त्यावरचा दसरा

दसऱ्याच्या रात्री साडेआठला मी बँकॉकच्या भर रस्त्यात, डांबरावर अंथरलेल्या वर्तमानपत्रावर मांडी घालून बसले होते. डाव्या हाताला आमचे हे, उजव्या हाताला पांढऱ्याशुभ्र कपड्यांतली एक अनोळखी थाई आजी. समोर फुटपाथला लागून टेबल मांडलेलं, त्यावर झेंडूचा ढीग, ढिगाच्या मधोमध गणपती, त्याच्या शेजारी देवी, आणि पुढे ओळीनं ठेवलेले नारळ. असंच टेबल त्याच्या पुढे, त्याच्याही पुढे. नजर जाईल तिथपर्यंत रस्ता पिवळा. एरवी गाड्यांनी तुंबलेला हा सिलोम रस्ता त्या रात्री देवीसाठी बंद केलेला होता. आणि मी, तामसीची मास्तरीण, तिथं बसून रडत होते. का, ते तेव्हा यांनाही सांगता आलं नव्हतं.

आता सांगते, सगळंच सांगते.

तामसी म्हणजे आदिलाबाद जिल्ह्यातलं आमचं गाव. पैनगंगेच्या अलीकडे आम्ही, पलीकडे महाराष्ट्र. कागदावर तेलंगणा, ओट्यावर मराठी, शेजारी तेलुगू, बाजारात दखनी, आणि आसपासच्या गुड्यांमधून, म्हणजे आदिवासी पाड्यांमधून, गोंडी. आम्ही दोघंही शिक्षक. मी मराठी शिकवते, हे गणित. तेलंगणात दसऱ्याची सुट्टी मोठी असते. २०२४ मध्ये ती २ ते १४ ऑक्टोबर होती. वीस वर्षांच्या संसारात आम्ही दोघंच असे कुठेही गेलो नव्हतो. तिरुपती झालं, पंढरपूर झालं, लग्नं झाली, पण सगळं घरदार घेऊन. या वेळी सासूबाईच म्हणाल्या, "जा बापा दोघं. घट मी पाह्यते." थायलंडनं भारतीयांना व्हिसाची अट काढून टाकली होती, हैदराबादहून थेट विमान होतं, साडेतीन तासांचा प्रवास. शिर्डीला जायला आम्हाला याहून कितीतरी जास्त वेळ लागतो!

बँकॉकला जातोय म्हटल्यावर लोक कसे हसले, तेही सांगायला हवं. "बायकोला घेऊन बँकॉकला?" असं यांना तोंडावर विचारणारे होते. मला तेव्हा त्या हसण्याचा राग आला होता, आता तर त्याहून जास्त येतो. एक कोटीच्या आसपास माणसं राहतात त्या शहरात. त्यांची देवळं आहेत, शाळा आहेत, आज्या आहेत. एवढ्या मोठ्या शहराला चार गल्ल्यांएवढं छोटं करून ठेवायचा आपल्याला काय अधिकार?

१० तारखेला संध्याकाळी सद्दुला बतुकम्मा होती. तंगेडू म्हणजे आपला तरवड, गुनुगू म्हणजे कुर्डू, त्यावर झेंडू, असा फुलांचा उंच थर रचून बायका भोवती फेर धरतात. मी मराठी घरातली, पण लहानपणापासून फेर धरते. आमच्याकडे कुणी कुणाचा सण असं विचारत नाही. फेर संपवला, हातपाय धुतले आणि रात्रीची हैदराबादची बस धरली. केसांत बतुकम्मातला झेंडू अडकलेला मला विमानतळावर आरशात दिसला. हे लक्षात ठेवा, कारण ही सगळी रात्र झेंडूचीच आहे.

उतरलो त्या विमानतळाचं नाव सुवर्णभूमी. नाव वाचून मी थबकले. त्यांच्या तोंडी ते 'सुवन्नफूम' होतं, पण लिहिताना अक्षरन् अक्षर आपलं. आत दोन माणसं उंचीचे, रंगीबेरंगी, सुळे दाखवणारे राक्षस पहाऱ्याला उभे. त्यांतला हिरवा कोण, म्हणून पाटी वाचली, तर थोत्सकान. म्हणजे दशकंठ. म्हणजे रावण! आपल्याकडे दसऱ्याला ज्याला जाळतात, तो इथं विमानतळाची राखण करतो, राजवाड्याच्या देवळाच्या दारातही उभा असतो. रामायण त्यांचंही आहे, रामकियेन म्हणतात. पण रावण त्यांनी असा दारात उभा केला. मला हे इतकं आवडलं की सामान घ्यायच्या पट्ट्यावरून आमची बॅग एकदा पुढे निघून गेली.

त्या पहिल्या संध्याकाळी आम्ही याओवारातला गेलो, तिथल्या चिनी वस्तीच्या मोठ्या रस्त्यावर. मनात धाकधूक होती. आमचं नवरात्र चालू, कांदा-लसूण बंद, आणि जिकडे पाहावं तिकडे कढयांत काहीतरी तळलं जातंय. तर काय, अर्ध्याअधिक गाड्यांवर पिवळे झेंडे आणि त्यावर लाल अक्षर! 'जे', म्हणजे शाकाहार. चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यातल्या पहिल्या नऊ दिवसांत इथले हजारो लोक मांस सोडतात, आणि नुसतं मांस नाही, कांदा आणि लसूणही सोडतात. नऊ दिवस! पांढरे कपडे घालतात. त्या वर्षी त्यांचे नऊ दिवस ३ ऑक्टोबरला सुरू झाले, आपली घटस्थापनाही ३ ऑक्टोबरलाच. मी तिथंच, रस्त्याच्या कडेला, पिवळ्या झेंड्याखाली स्टुलावर बसून नूडल्स खाल्ल्या आणि माझा नेम मोडला नाही.

त्याच रस्त्यावर लाल रंगाच्या सोन्याच्या पेढ्या आहेत, एकाला एक लागून. मी काही घेणार नव्हते, पण सोनं पाहायला पैसे पडत नाहीत. तिथं सोनं बाहतमध्ये मोजतात. बाहत हे पैशाचं नाव आहे तसंच वजनाचंही, दागिन्याचा एक बाहत म्हणजे १५.१६ ग्रॅम. म्हणजे आपला दीड तोळा आणि वर थोडं. यांनी लगेच तोंडी हिशेब करून दाखवला. आधी वजन होतं, मग तेच नाव पैशाला मिळालं. गणिताच्या मास्तराला सुट्टीत आणखी काय हवं!

दुसरा दिवस दसऱ्याचा. सकाळी नदीपलीकडचं वाट अरुण पाहिलं, अरुण म्हणजे तोच, सूर्याचा सारथी. ते सुंदर आहे, त्यावर पुष्कळांनी लिहिलंय. मला रात्रीकडे यायचंय.

दुपारी हॉटेलच्या काउंटरवरच्या मुलीनं माझ्या कपाळावरचं कुंकू पाहिलं आणि विचारलं, "नवरात्री?" मी मान हलवली. तिनं फोनवर नकाशा काढला, सिलोम रस्त्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "वाट खॅक. आज रात्री. जा. जाच." खॅक म्हणजे पाहुणा, आणि भारतातून आलेल्या माणसालाही ते खॅकच म्हणतात. वाट म्हणजे देऊळ. पाहुण्यांचं देऊळ! एकोणिसाव्या शतकात तिथं आलेल्या तमिळ लोकांनी बांधलेलं हे मारिअम्मनचं देऊळ. थाई लोक त्या देवीला उमादेवी म्हणतात. दर नवरात्रात तिथं उत्सव होतो आणि विजयादशमीच्या रात्री देवीची मिरवणूक निघते.

आम्ही आकाशगाडीनं सुरासाक स्टेशनला उतरलो. तिथली ही गाडी खांबांवरून, रस्त्याच्या वरून धावते, १९९९ पासून. सुरासाक कसं लिहितात ते मी पाहिलं, सुर आणि शक्ती. मधल्या एका स्टेशनाचं नाव राचथेवी होतं, म्हणजे राजदेवी. मी डब्यात एकेक पाटी वाचत होते आणि प्रत्येक वेळी यांच्या दंडाला धरून हलवत होते. शहराचं स्वतःचं नावही क्रुंग थेप महानाखोन, यातलं थेप म्हणजे देव आणि महानाखोन म्हणजे महानगर. वीस वर्षं मुलांना तत्सम आणि तद्भव शिकवतेय मी! फळ्यावर लिहायची उदाहरणं इथं स्टेशनांवर टांगलेली होती.

स्टेशनातून खाली उतरलो आणि माणसांचा लोंढाच आम्हाला घेऊन निघाला. भारतीय फार थोडे. ऐंशी-नव्वद टक्के तरी थाई असतील असं मला वाटलं. कॉलेजातली पोरं, ऑफिसातून तशाच आलेल्या मुली, लेकरं खांद्यावर घेतलेले बाप, म्हाताऱ्या बाया. बहुतेक पांढऱ्या कपड्यांत, काही लालमध्ये. गळ्यात झेंडूच्या माळा. आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ती टेबलं. कुणी सांगितलेलं नाही, कुठल्या मंडळाची पावती नाही, आपापली टेबलं आणून लोकांनी आपापले देव मांडलेले. गणपती तर प्रत्येक टेबलावर. त्याला ते फ्रा फिक्कनेत म्हणतात, फिक्कनेत म्हणजे विघ्नेश. मोदकांच्या जागी गुलाबी लाडवासारखं काहीतरी, केळी, नारळ, ऊस, समया, मेणबत्त्या. एका टेबलावर शंकर, पार्वती आणि शेजारी बुद्ध, एकाच फुलांच्या राशीत.

हे गप्प झाले होते. हे गप्प होतात तेव्हा फार काही वाटत असतं. मग हळूच म्हणाले, "पाह्य ना, किती झेंडू हाय!"

यांच्या आजोबांच्या वेळेपासून शेताच्या बांधाला झेंडूच्या चार ओळी असायच्या. दसऱ्याच्या आदल्या पहाटे तोडायचा, पोत्यात भरून आदिलाबादला न्यायचा. दुपारपर्यंत भाव, संध्याकाळी मातीमोल. उरलेलं पोतं परत आणताना आजोबांचा चेहरा कसा असायचा, ते यांनी मला लग्नानंतर पहिल्या दसऱ्याला सांगितलं होतं. त्या माणसाला सिलोम रस्त्यावर झेंडूचा हा समुद्र दिसत होता.

वर्तमानपत्र आम्हाला त्या आजींनीच दिलं. स्वतःखालचं अर्धं फाडून. भाषा नाही, पण हातानं थोपटून बसा म्हणाल्या. फोनवर भाषांतर करून त्यांनी विचारलं, काम काय करता? मी म्हटलं, शिक्षक. फोन बोलला, "ख्रू." आजींनी दोन्ही हात जोडले आणि माझ्यापुढे, वयानं माझ्या आईएवढ्या त्या, मान झुकवली. ख्रू म्हणजे गुरू. तोच शब्द, नुसता आवाज जरा आत गेलेला. नंतर त्यांच्या नातीनं सांगितलं, त्यांच्या शाळांत वर्षातून एकदा मुलं ओळीनं येऊन शिक्षकांपुढे फुलं ठेवतात, वाय ख्रू म्हणतात त्याला, आणि तो दिवस गुरुवारचा धरतात. गुरुवारला त्यांच्या भाषेत बृहस्पतीचंच नाव आहे. मी रडले ती इथं. मला आमच्या शाळेतली पोरं आठवली, कापूस वेचणीच्या दिवसांत अर्धा वर्ग रिकामा असतो तरी जी येतात ती. मला ओळखत नसलेल्या बाईनं परक्या शहराच्या रस्त्यात बसून माझ्या कामाला हात जोडले.

आणि मग नादस्वरम् ऐकू आलं.

सगळा रस्ता उठून उभा राहिला. पुढे ढोल, मग मोरपिसांची कावडी खांद्यावर घेतलेले, मग अंगात आलेली माणसं, मग रथ. फुलांनी इतके लादलेले की देव शोधावा लागत होता. रथ जवळ आला तसे टेबलापाशी नारळ फुटायला लागले. एक, दोन, दहा, मग मोजणं शक्यच नाही, नुसता कडकडाट, आणि पाणी डांबरावरून वाहत आमच्या चपलांपर्यंत आलेलं. हळद-कुंकू उधळलं जात होतं. मिरवणुकीतल्या एकानं यांच्या कपाळाला अंगठ्यानं लाल ओढलं. लोक मुठी भरभरून झेंडूच्या पाकळ्या टाकत होते. आजींनी माझ्या ओंजळीत पाकळ्या ओतल्या आणि रथाकडे बोट केलं. टाक. मी टाकल्या. आदल्या आदल्या रात्री तामसीत बतुकम्माभोवती फिरलेले हेच हात.

दहा वाजता मी सासूबाईंना व्हिडिओ कॉल लावला. तिकडे साडेआठ. अंगणात माणसं होती, तेलुगू शेजारी जम्मीची, म्हणजे शमीची, पानं घेऊन आलेले, आपली माणसं आपट्याची. सोनं वाटणं चाललं होतं. मी फोन रस्त्याकडे फिरवला. पलीकडे क्षणभर आवाजच नाही. मग सासूबाई: "अवं, तिकडं बी दसराच हाय का?" मग त्यांनी फोन शेजारणीला दाखवला, तिनं तिच्या सुनेला, आणि आमच्या अंगणातून कुणीतरी त्या गणपतीला हात जोडले. आपल्याकडे सीमोल्लंघन म्हणून गावची शीव ओलांडून येतात. आम्ही रोजच शिवेवर राहतो, पैनगंगेच्या पुलावरून भाजी आणायलासुद्धा जातो. पण ओलांडणं म्हणजे काय ते मला त्या फोनच्या दोन्ही टोकांना एकदम दिसलं.

मिरवणूक पुढे गेली तरी आम्हाला जावंसं वाटेना. अकरा वाजून गेले होते आणि मी रस्त्यावर होते, कुणी घड्याळ दाखवत नव्हतं. बायामाणसं बिनधास्त फिरत होती, एकट्यादुकट्या पोरी गाड्यांवर खात होत्या. तामसीत रात्री अकराला मी बाहेर असते ती फक्त कुणी दवाखान्यात असेल तर, किंवा कुणी गेलं असेल तर. नुसतं हिंडण्यासाठी रात्र असते हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं. एका गाडीवाल्यानं तव्यावर मैद्याची पातळ पोळी टाकली, आत केळं चिरून टाकलं, घडी घातली, वरून डब्यातलं गोड दूध. नाव विचारलं, तर "रोती". यांनी दोन खाल्ल्या. नवरात्र सुटलं होतं. दुसरी मी अर्धी मागून घेतली.

आणि मग यांनी तो प्रश्न विचारला, ज्यानं आमची रात्र आणखी तीन तास लांबली. "एवढा झेंडू येतो कुठून?"

रोतीवाल्यानं हसून सांगितलं, पाक ख्लोंग तलात. बारा वाजता आम्ही टुकटुकमध्ये बसलो, दोन्हीकडून वारा, लाल कपाळाचे हे, आणि मी त्यांचा हात धरलेला. उघड्यावर, अख्ख्या शहरासमोर. आमच्या गावात आम्ही कधी शेजारी शेजारीसुद्धा चालत नाही, हे दोन पावलं पुढे असतात.

पाक ख्लोंग तलात हा चाओ फ्राया नदीकाठचा फुलांचा बाजार. चोवीस तास उघडा, आणि खरा जागा होतो तो मध्यरात्रीनंतर. शहर झोपायला लागतं तेव्हा तिथं ट्रक रिकामे होतात. ऑर्किडचे भारे, बर्फात ठेवलेले गुलाब, मोगऱ्याच्या कळ्या, कमळं. एक बाई कमळाच्या कळीची एकेक पाकळी आत दुमडत होती, दोन बोटांनी, न पाहता, आणि कळीचं वेगळंच फूल होत होतं. माळेला तिथं मालाय म्हणतात. आता असं काही कळलं की मी दंडाला धरून हलवत नव्हते, नुसती हसत होते.

आणि झेंडू. पोतीच्या पोती. प्लास्टिकच्या पारदर्शक पिशव्यांत, टोपल्यांत, जमिनीवर डोंगर. मुठीएवढी फुलं, एकसारखी, देठाशी कापलेली. हे गुडघ्यावर बसले. एक फूल हातात घेतलं, उलटं केलं, बुडाशी दाबून पाहिलं, आजोबांनी शिकवलं असेल तसं. विकणाऱ्या बाईनं एकदा यांच्या हाताकडे पाहिलं आणि तिला कळलं. शेतकऱ्याचा हात शेतकऱ्याला लपत नाही. तिनं फोन पुढे केला. हे मराठीत बोलले, फोन थाईत. आमच्याकडे आज संध्याकाळी याला कुणी विचारत नाही, दसरा संपला की फेकतात. ती बाई हसली. म्हणाली, इथं उद्याही लागेल. उद्या राजाचा दिवस.

१३ ऑक्टोबर सुरू झाला होता. २०१६ मध्ये याच तारखेला त्यांचे राजे भूमिबोल गेले. भूमिबल. जन्म सोमवारचा, आणि सोमवारचा रंग त्यांच्याकडे पिवळा, म्हणून त्यांच्या आठवणीला पिवळं फूल. २०१७ च्या ऑक्टोबरात त्यांचे अंत्यसंस्कार झाले तेव्हा देशभर लोकांनी आधीपासून झेंडू लावला होता, बरोबर त्या दिवसांत फुलेल असा दिवस मोजून. या तारखेला आता नवमिन महारात दिवस म्हणतात. नवमिन म्हणजे नवम आणि इंद्र. चक्री घराण्यातले नववे राजे. हे ऐकून यांनी पहिलं काय विचारलं असेल? "रोप लावल्यापासून किती दिवसांत फुलतो तुमच्याकडं?" बाई म्हणाली, दोन महिने. "आमच्याकडंबी," हे म्हणाले, आणि दोघं एकमेकांकडे पाहून असे हसले, जसे बाजार समितीच्या कट्ट्यावर जुने ओळखीचे हसतात.

मला वर्गात सांगायला आवडतं की झेंडू मुळातला मेक्सिकोकडचा, समुद्र ओलांडून आपल्याकडे आला आणि इतका आपला झाला की त्याच्याशिवाय तोरण होत नाही. मुलं विश्वास ठेवत नाहीत. थाई भाषेत त्याला दाव रुआंग म्हणतात, यातला दाव म्हणजे तारा. हे नाव मी त्या बाईकडून तीनदा म्हणवून घेतलं.

तीन वाजले असतील. पाऊस भुरभुरायला लागला, ऑक्टोबर म्हणजे तिकडे पावसाचं शेपूट. आम्ही ताडपत्रीखाली सरकलो. बाईनं बसायला उलटी टोपली दिली आणि तिचं माळ ओवणं चालूच. मला आठवलं, दसरा असून आम्ही दोघांनी अजून एकमेकांना सोनं दिलं नव्हतं. आपट्याची पानं बॅगेत आणली नव्हती, परक्या देशात पाला न्यायला नको म्हणून. यांनी खाली पडलेली एक पाकळी उचलली, पुसली, माझ्या तळहातावर ठेवली. "सोनं घे. सोन्यासारखी राहा." मी वाकून नमस्कार केला, ओल्या फरशीवर, फुलांच्या देठांत.

वर पाहिलं तर त्या बाईचा दोरा थांबला होता. तिनं सुई पदराला टोचावी तशी ब्लाउजला टोचली, हात पुसले आणि तळहात पुढे केला. मी एक पाकळी त्यावर ठेवली. मग तिच्या शेजारणीनं हात पुढे केला. मग बर्फ फोडणाऱ्या पोरानं.